सिलिंडर शून्य, हेड शून्य, सेक्टर एक

डॉस, म्हणजे विंडोजच्या आधीची पीसीची ऑपरेटिंग सिस्टिम, तिच्याबरोबर डीबग नावाचा एक प्रोग्रॅम फुकटात यायचा आणि बहुतेक लोक त्याच्या वाटेला जात नसत. सुरू केला की पडद्यावर एक आडवी रेघ. मेन्यू नाही, स्वागत नाही, काही नाही. त्या रेघेपुढे ‘ए १००’ लिहायचं आणि एकेक सूचना टाइप करत प्रोसेसरच्या आतल्या रजिस्टर नावाच्या खणांत आकडे भरायचे: एएक्समध्ये ०२०१, बीएक्समध्ये २००, सीएक्समध्ये १, डीएक्समध्ये ८०. मग इंट १३, ही डिस्कचं काम करून घेण्याची हाक. मग थांबण्यासाठी इंट ३. ‘जी=१००’ म्हणून एंटर मारला की कॅबिनेटवरचा लाल दिवा क्षणभर लुकलुकायचा आणि ‘डी २०० एल २००’ म्हटलं की हार्डडिस्कचा पहिला सेक्टर समोर हजर. ५१२ बाइट.

सिलिंडर शून्य, हेड शून्य, सेक्टर एक. सिलिंडर म्हणजे तबकडीवरचं कितवं वर्तुळ (एका बाजूवरच्या वर्तुळाला ट्रॅक म्हणतात), हेड म्हणजे तबकडीची कोणती बाजू, सेक्टर म्हणजे त्या वर्तुळाचा कितवा तुकडा. मशीन सुरू होताना डिस्कवर सगळ्यात आधी याच पत्त्यावर जातं. त्यातले पहिले ४४६ बाइट म्हणजे एक छोटासा प्रोग्रॅम. पुढचे ६४ म्हणजे चार पार्टिशनांच्या, म्हणजे डिस्कच्या भागांच्या, नोंदी, प्रत्येकी १६ बाइटांच्या. आणि शेवटी ५५ आणि एए ही दोन बाइटांची सही. उजवीकडच्या अक्षरांच्या रकान्यात ‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम’ असं स्वच्छ वाचता यायचं आणि पहिल्यांदा बघणारा हमखास दचकायचा. अहो, काही गहाळ झालेलं नाही. वेळ आलीच तर दाखवायचा निरोप तिथे आधीच लिहून ठेवलेला असतो, एवढंच.

मला या प्रकाराचं जबर वेड होतं. इथे फाइलचं नाव नव्हतं, डिरेक्टरी नव्हती, सी कोलन नव्हतं. डॉसला बाजूला सारून थेट डिस्कशी बोलता येत होतं. निदान तसं वाटायचं. आपण तळाला पोचलो, याच्या खाली आता फक्त फिरणारी तबकडी, असं ज्याला वाटलं नाही त्याने इंट १३ कधी चालवलंच नाही असं मी समजतो. आता इतक्या वर्षांनी मागे वळून बघताना जाणवतं की तो तळ कधीच तळ नव्हता. दर थोड्या वर्षांनी तो खाली सरकला आणि दर वेळी तिथे आधीपासून कुणीतरी बसलेलं सापडलं.

आयबीएमने ऑगस्ट १९८१मध्ये पीसी बाजारात आणला तेव्हा बोर्डावरच्या रॉम चिपमध्ये, म्हणजे फक्त वाचता येणाऱ्या मेमरीत, बायोस भरून दिलं: मशीन सुरू करणारा आणि इतर प्रोग्रॅमांना यंत्राची कामं करून देणारा प्रोग्रॅम. त्याला हाक मारायची ती इंटरप्टने, थोडक्यात इंट. पडद्याची कामं इंटरप्ट १०कडे, डिस्कची १३कडे, कळफलकाची १६कडे. हे सगळे आकडे हेक्साडेसिमल, सोळाच्या पायावरचे, त्यामुळे खरं तर हा एकोणिसावा इंटरप्ट. पण ‘इंट एकोणीस’ म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. मेमरीच्या अगदी सुरुवातीला २५६ पत्त्यांचा एक तक्ता असतो. प्रत्येक पत्ता चार बाइटांचा, म्हणून १३ची नोंद ४सी या जागी. प्रोसेसरला इंट १३ दिसलं की तो ४सीवरचा पत्ता उचलतो आणि तिकडे उडी मारतो. तिथे कोण बसलंय याची चौकशी करत नाही. हे एवढं लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

पत्ता देण्याची रीत मात्र फार काटकसरीची. सिलिंडर सीएच रजिस्टरमध्ये, म्हणजे सीएक्सच्या वरच्या अर्ध्यात (खालचा अर्धा सीएल; बाकीच्या रजिस्टरांचंही तसंच). पण तिथे आठच बिट, म्हणजे २५६च सिलिंडर होणार. म्हणून आणखी दोन बिट सीएलच्या वरच्या अंगाला कोंबले आणि सेक्टरसाठी खालचे सहा राहिले. सिलिंडर झाले १०२४, सेक्टर ६३. डीएचमध्ये हेड, डीएलमध्ये ड्राइव्ह. पहिली फ्लॉपी म्हणजे शून्य, पहिली हार्डडिस्क म्हणजे ८०. सिलिंडर आणि हेड शून्यापासून मोजायचे, सेक्टर मात्र एकपासून. एकाच पत्त्यात दोन तऱ्हेची मोजणी! काम झालं तर कॅरी फ्लॅग नावाचा खुणेचा बिट साफ, बिघडलं तर कॅरी वर आणि एएचमध्ये बिघाडाचा आकडा. ०४ म्हणजे सेक्टर सापडला नाही, १० म्हणजे वाचला पण बेरीज जुळली नाही, ८० म्हणजे ड्राइव्हने ओच दिली नाही.

दादरला स्टेशनच्या पश्चिमेला, साडीच्या दुकानाच्या वरच्या माडीवर आमचा क्लास भरायचा. चपला बाहेर, मशिनांवर प्लास्टिकची कव्हरं, आणि एसी माणसांसाठी नाही, कॉम्प्युटरसाठी आहे हे येताजाता ऐकवलं जायचं. मी संध्याकाळच्या बॅचला टर्बो सी शिकवत असे. त्यात ‘बायोसडिस्क’ नावाचं एक फंक्शन होतं, रजिस्टरांची कटकट न करता इंट १३ला हाक मारणारं. अभ्यासक्रमात ते नव्हतं. पॉइंटर संपले आणि परीक्षा लांब असली की मी ते काढायचो, कारण पोरांच्या डोळ्यांत खरी चमक तेव्हाच दिसायची.

एका मुलीने फ्लॉपीचा अख्खा ट्रॅक एका दमात वाचणारा प्रोग्रॅम लिहिला. १८ सेक्टर, ९ किलोबाइट. मस्त चालला. मग निकाल जरा नीट दिसावा म्हणून तिने दोन प्रिंटएफ, म्हणजे पडद्यावर छापायच्या सूचना, वाढवले आणि तोच प्रोग्रॅम ०९ हा बिघाड देऊ लागला. प्रिंटएफ काढले, चालू. घातले, बंद. “सर, प्रिंटएफने फ्लॉपी कशी बिघडेल?” प्रश्न रास्त होता. झालं होतं असं की फ्लॉपीवरचा डेटा प्रोसेसर स्वतः उचलत नाही, डीएमए कंट्रोलर नावाची चिप तो परस्पर मेमरीत नेऊन ठेवते. मूळ पीसीतली ही चिप, इंटेलची ८२३७, पत्ता मोजते १६ बिटांत. ६४ किलोबाइटची हद्द आली की तिचा आकडा ६५५३५वरून शून्यावर येतो, आणि वरचे बिट सांभाळणारं रजिस्टर वेगळं असल्यामुळे त्याला याची खबरच नसते. डेटा भलतीकडे जाऊन पडण्यापेक्षा बायोस आधीच नाही म्हणतं, तोच हा ०९. प्रिंटएफमुळे प्रोग्रॅम जरासा लांबला, डेटा ठेवायची मेमरीतली जागा, म्हणजे बफर, पुढे सरकला आणि नेमका त्या हद्दीवर आडवा पडला. उपाय सोपा: बफर दुप्पट घ्यायचा आणि हद्दीच्या ज्या बाजूला ९ किलोबाइट सलग मावतात ती बाजू वापरायची. तिला ते पटलं, आवडलं मात्र नाही. “हे पुस्तकात का नाही?” म्हणाली. पुस्तकात होतं, पण ते पुस्तक आयबीएमचं होतं आणि दादरला मिळत नव्हतं.

आयबीएमच्या त्या टेक्निकल रेफरन्समध्ये बायोसचा सगळा असेम्ब्ली कोड टिपांसकट छापलेला असे. आज कोणती कंपनी असं करेल? त्यात एका टिपेत सांगून ठेवलंय की वाचताना मोटर वेगात येण्यासाठी बायोस थांबत नाही, म्हणून निदान तीनदा प्रयत्न करा. म्हणजे पहिल्या फटक्यात फ्लॉपी वाचली गेली नाही तर घाबरायचं कारण नाही. एएचमध्ये शून्य घालून रिसेट करायचं आणि परत विचारायचं. जुन्या काळचे बूट सेक्टर, म्हणजे मशीन सुरू करून देणारे पहिले सेक्टर, उघडून पाहिले तर हे तीन फेऱ्यांचं चक्र कितीतरी ठिकाणी भेटतं.

गिरगावात तेव्हा एक छोटा छापखाना होता. मालक दर वर्षी एका दिवाळी अंकाचं काम घ्यायचे. एका वर्षी भाद्रपदात ते फ्लॉप्यांचा डबा काखोटीला मारून क्लासवर आले. पावसाळाभर लोखंडी कपाटात ठेवलेल्या फ्लॉप्या. पत्र्याचं सरकतं झाकण बाजूला केलं तर आतल्या काळ्या चकतीवर पांढुरके ठिपके. मुंबईच्या हवेत चामड्याच्या चपलेला येते तीच बुरशी. डॉस म्हणत होतं ‘डेटा एरर रीडिंग ड्राइव्ह ए’ आणि खाली नेहमीचे तीन पर्याय, अबॉर्ट, रिट्राय, फेल. मालक म्हणाले, “मास्तर, लेखकाकडे दुसरी प्रत नाही. हस्तलिखित होतं, ते मीच रद्दीत घातलं.”

डॉस आणि बायोस यांच्या स्वभावातला फरक इथे कामाला येतो. फ्लॉपीवर प्रत्येक सेक्टरच्या शेपटाला दोन बाइटांची तपासणीची बेरीज असते. ड्राइव्ह चालवणारा कंट्रोलर बाइट वाचत जातो, डीएमए ते मेमरीत ठेवत जातं, आणि बेरीज जुळते की नाही हे कळतं सगळं वाचून झाल्यावर. म्हणजे बायोस जेव्हा १० हा बिघाड सांगतं तेव्हा ५१२ बाइट बफरात येऊन पडलेले असतात. त्यातले चारदोन चुकले असतील, बाकीचे धडधाकट. डॉस ते सगळे फेकून देतं. बायोस नुसतं सांगतं की गडबड आहे, दिलेलं परत घेत नाही.

प्रोग्रॅम लिहिला तो याच्या जोरावर. बिघडलेला सेक्टर पुन्हा पुन्हा वाचायचा. मधेच हेड दूरच्या ट्रॅकवर नेऊन परत आणायचा, कारण दुसऱ्या बाजूने आलेला हेड कधी कधी केसभर वेगळ्या जागी थांबतो आणि तेवढ्याने काम होतं. प्रत्येक वाचनाची प्रत ठेवायची आणि शेवटी प्रत्येक जागी जो बाइट जास्तीत जास्त वेळा आला तो खरा मानायचा. १.४४च्या फ्लॉपीवर ८० सिलिंडर, २ हेड, १८ सेक्टर, म्हणजे २८८० सेक्टर. त्यातले पहिले ३३ कारभाराचे: एक बूट सेक्टर, फॅटच्या, म्हणजे कोणत्या फाइलचे तुकडे कुठे आहेत याच्या तक्त्याच्या, ९-९ सेक्टरांच्या दोन प्रती, १४ सेक्टरांची मुख्य डिरेक्टरी. फॅट दोनदा लिहून ठेवण्याची बुद्धी ज्याला झाली त्याचं भलं होवो. एका फ्लॉपीवर पहिल्या प्रतीवर नेमका बुरशीचा ठिपका होता आणि दुसरी ठणठणीत. ड्राइव्ह रात्रीपर्यंत खर्र, टक, खर्र, टक करत होती. मधूनमधून हेडला स्पिरिटचा बोळा, कारण बुरशी हेडलाच चिकटून पुढच्या फ्लॉपीवर जाते.

पण बाइट मिळाले तरी ते बरोबर आहेत हे ओळखायचं कसं? सगळ्या लिप्यांना एकच संकेतमाला देणारं युनिकोड यायच्या आधीची गोष्ट. प्रत्येक फॉन्टवाल्याची संकेतमाला निराळी, आणि कच्चे बाइट बघितले तर शुद्ध पुणेरी मराठीसुद्धा चमत्कारिक चिन्हांची रांग दिसायची. बुरशीने खाल्लेली ओळ आणि धड ओळ यांत माझ्या डोळ्यांना काडीचा फरक दिसत नव्हता. शेवटी फाइल मालकांच्या मशिनवर, त्यांच्या फॉन्टमध्ये उघडली. त्यांनी चष्मा लावून वाचली. कुठे काना उडाला होता, कुठे वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसली होती. “एवढं तर आमचा कंपोझिटर रोज करतो,” मालक म्हणाले आणि अंक वेळेवर निघाला.

इथपर्यंत इंट १३वर माझी श्रद्धा होती. तिला पहिला तडा दिला जोशीने.

१९९०मध्ये भारतात सापडलेल्या एका व्हायरसचं हे नाव. ५ जानेवारी उजाडली की मशीन अडायचं आणि पडद्यावर मागणी यायची: टाइप ‘हॅपी बर्थडे जोशी’. टाइप केलं की गाडी पुढे. दादरच्या क्लासमध्ये जोश्यांची टंचाई कधीच नव्हती, त्यामुळे ५ जानेवारीला जो कोणी हाताला लागेल त्याच्याकडून वडापाव वसूल व्हायचे. गंमत तेवढ्यावर संपायची. हा बूट सेक्टर व्हायरस होता. सिलिंडर शून्य, हेड शून्य, सेक्टर एकमध्ये स्वतः शिरायचा आणि मूळचा सेक्टर दुसरीकडे नेऊन ठेवायचा. मशीन सुरू झालं की बायोस पहिला सेक्टर मेमरीत ७सी०० या जागी आणतं आणि त्याच्या हवाली होतं, तेव्हा डॉसचा पत्ताही नसतो. जोशी तेवढ्यात मेमरीच्या वरच्या टोकाला बिऱ्हाड करायचा आणि ४सीवरच्या नोंदीत स्वतःचा पत्ता घालायचा.

आता चालवा तो डीबगमधला प्रोग्रॅम. लाल दिवा लुकलुकतो, ५१२ बाइट येतात, ५५ एए जागच्या जागी, ‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम’ जागच्या जागी. सगळं चोख. कारण तुम्ही पहिला सेक्टर मागितलात हे ऐकणारा जोशीच आहे, आणि तो तुम्हाला बाजूला ठेवलेली मूळ प्रत आणून दाखवतोय. लाहोरच्या दोन भावांनी १९८६मध्ये सोडलेला ब्रेन व्हायरस हीच युक्ती करत असे. मी ज्याला तळ समजत होतो तिथे दुसराच कोणी गादीवर बसून उत्तरं देत होता, आणि तीही बिनचूक.

पकडायचा कसा, तर आडून. डॉसची चेकडिस्क ही आज्ञा चालवल्यावर एकूण मेमरी ६५५३६० बाइट दिसायला हवी, कमी दिसली की संशय. ४सीवरचा पत्ता काढून बघायचा: तो रॉमच्या भागात, एफ०००च्या आसपास जातोय की ६४० किलोबाइटच्या ऐन खाली? पण डॉस आणि इतर प्रोग्रॅमही आपापली साखळी तिथे जोडत, त्यामुळे हा पुरावा नेहमी टिकायचा नाही. खात्रीचा इलाज एकच. मशीन बटणाने पूर्ण बंद करायचं, कारण कंट्रोल-आल्ट-डिलीटला जोशी दाद देत नसे, आणि स्वच्छ फ्लॉपीवरून सुरू करायचं. फ्लॉपी स्वच्छ राहील याची हमी काय? एक चिकटपट्टी. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेला एक खाच असायची, तिच्यावर पट्टी चिकटवली की त्या फ्लॉपीवर लिहिणं बंद. साडेतीन इंचीला त्या जागी सरकती खिटी. ही मनाई खुद्द ड्राइव्हच्या सर्किटमध्ये असते. व्हायरस असो की बायोस, लिही म्हणणाऱ्या कुणालाही ड्राइव्ह लिहू देत नाही आणि इंट १३ परत येतं ते ०३ घेऊन. फ्लॉप्यांच्या डब्यात त्या पट्ट्यांचा एक कागद मिळायचा आणि लोक तो फेकून देत. माझ्या मते अख्ख्या पीसीत डोळे झाकून विश्वास ठेवावा अशी वस्तू तेवढीच होती.

बरं, जोशी गेला. मशीन स्वच्छ. ४सीवर बायोसचाच पत्ता. आता तरी बायोस खरं सांगतं का?

एके काळी सांगायचं. सीगेटची एसटी-२२५ ही २० मेगाबाइटची हार्डडिस्क घ्या. वीट बरी म्हणाल असं वजन. ६१५ सिलिंडर, ४ हेड, १७ सेक्टर. गुणाकार केला आणि ५१२ने गुणलं की २,१४,११,८४० बाइट. खोलून पाहिली तर आत दोन तबकड्या आणि खरोखरच चार हेड. सिलिंडर ३००, हेड २ म्हटलं की हेड खरंच तीनशेव्या जागी जायचा, कानांनी ऐकू यायचा. मशीन हलवायच्या आधी ‘पार्क’ चालवायचं, नाहीतर हेड तबकडीवर आपटायचा. डीबगमध्ये ‘जी=सी८००:५’ म्हटलं की कंट्रोलर कार्डावरच्या रॉममधला, सेक्टर नव्याने आखणारा लो-लेव्हल फॉरमॅट सुरू व्हायचा, आणि तो चालू असताना चहा पिऊन यायला भरपूर वेळ मिळायचा.

मग आयडीई ही हार्डडिस्क जोडायची नवी पद्धत आली. कंट्रोलर ड्राइव्हच्याच पाठीवर बसला. बायोसच्या सेटअपमध्ये टाइप ४७ निवडून ड्राइव्हच्या चिठ्ठीवरचे आकडे भरायचे, आणि चिठ्ठीवर हेड लिहिलेले १६. आत तबकड्या मोजून दोन. शिवाय बाहेरचा ट्रॅक लांब, आतला आखूड, त्यामुळे नव्या ड्राइव्ह बाहेरच्या ट्रॅकवर जास्त सेक्टर बसवत. मग ‘दर ट्रॅकला ६३’ हे खरं असणार कसं? नव्हतंच. ड्राइव्ह तो पत्ता ऐकून घ्यायची, मनातल्या मनात हिशेब करायची आणि भलत्याच जागी जाऊन योग्य तो सेक्टर आणून द्यायची. टॅक्सीवाल्याला ‘धोबीतलाव’ म्हटलं की तो मेट्रो सिनेमापाशी बरोबर नेऊन सोडतो. तलाव बुजून जमाना लोटला, पत्ता चालतोच आहे.

हा खोटा पत्ता जन्मभर चालला असता, पण आकडे आड आले. आयडीईच्या बाजूला हेड १६च्या वर नाहीत. बायोसच्या बाजूला सिलिंडर १०२४ आणि सेक्टर ६३च्या वर नाहीत. १०२४ गुणिले १६ गुणिले ६३ गुणिले ५१२, झाले ५२,८४,८२,३०४ बाइट. यालाच एफडिस्क हे डॉसचं डिस्कचे भाग पाडणारं साधन, १०२४ गुणिले १०२४ बाइटांचा एक मेगाबाइट धरून, ५०४ मेगाबाइट म्हणायचं. नव्वदीच्या मध्यात लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात याहून मोठ्या डिस्क सर्रास मिळू लागल्या, आणि घरी नेऊन जुन्या बोर्डाला लावल्या की ५०४वर थांबत. दुकानदाराने गंडवलं म्हणून परत येणाऱ्यांशी काउंटरवर होणारी हमरीतुमरी मी पाहिली आहे. दुकानदार बिचारा या एका बाबतीत निर्दोष होता.

एक इलाज म्हणून डिस्कबरोबर ऑनट्रॅकचं डिस्क मॅनेजर मिळायचं. ते काय करायचं? पहिल्या सेक्टरमध्ये जाऊन बसायचं, डॉसच्या आधी मेमरीत यायचं, ४सीवर स्वतःचा पत्ता घालायचा आणि प्रत्येक मागणी मधल्यामधे बदलून पुढे पाठवायची. म्हणजे जोशीने केलं तेच, पावती देऊन. आणि अशी डिस्क असलेलं मशीन ‘स्वच्छ फ्लॉपीवरून सुरू करा’ या सोन्यासारख्या सल्ल्याप्रमाणे सुरू केलं, तर डिस्कवर काही धड दिसायचंच नाही! माझ्या पाहण्यात लोकांनी घाबरून तिथेच एफडिस्क मारलेला आहे.

दुसरा इलाज नव्या बायोसमध्ये आला. सिलिंडर निम्मे करा, हेड दुप्पट सांगा. तरी नाही पुरलं तर पुन्हा निम्मे, पुन्हा दुप्पट. हेड असे २५५पर्यंत वाढले. २५६ करता आले असते, पण तेवढे ऐकले की डॉस कोलमडायचं. मर्यादा सुमारे ८.४ गिगाबाइटवर गेली. आता एका डिस्कला दोन पत्ते, ड्राइव्हकडे एक आणि बायोसकडे दुसरा, आणि तो दुसरा काढायची पद्धत सगळीकडे सारखी नव्हती. एका सीए साहेबांच्या ऑफिसात बोर्ड जळला, नवा टाकला, आणि वर्षभराचे हिशेब असलेली डिस्क रिकामी दिसू लागली. ज्या दुकानातून बोर्ड आणला तिथला पोऱ्या फॉरमॅट मारायला निघाला होता, ऐन सप्टेंबरात, रिटर्न भरायच्या दिवसांत. डिस्कला काही झालेलं नव्हतं. जुना बोर्ड एका पद्धतीने पत्ता काढत होता, नवा दुसऱ्या. सेटअपमध्ये पत्ता काढायचे नॉर्मल, लार्ज आणि एलबीए असे तीन पर्याय असत. लार्जचं एलबीए केलं आणि सगळी खाती परत आली. साहेबांनी पोऱ्याकडे असं पाहिलं की मलाच त्याची दया आली.

पुढे हे सोंग सोडून द्यायचं ठरलं. इंट १३चीच वाढीव कामं आली. एएचमध्ये ४१ आणि बीएक्समध्ये ५५एए घालून विचारायचं, समोरून एए५५ असं उलटं उत्तर आलं की समजायचं, याला नवी रीत ठाऊक आहे. मग ४२ने वाचायचं. सिलिंडर नाही, हेड नाही. १६ बाइटांची एक चिठ्ठी आणि तिच्यात सेक्टरचा नुसता अनुक्रमांक, ६४ बिटांचा. आणि हो, शून्यापासून.

म्हणजे आता तरी खरी जागा? छे. एखादा सेक्टर खराब झाला की ड्राइव्ह राखीव साठ्यातला दुसरा त्याच्या नावावर करते आणि बायोसला कळवतही नाही. तबकडीऐवजी चिपा असलेल्या एसएसडीत तर एकाच क्रमांकावर दोनदा लिहा, दोन्ही वेळा ते आत वेगवेगळ्या जागी जातं, कारण एकच जागा पुन्हा पुन्हा खोडली तर झिजते. सेक्टर शून्य आत्ता नेमका कुठे आहे हे त्या चिपवरच्या प्रोग्रॅमशिवाय कुणालाही ठाऊक नसतं. मला याची खंत वगैरे नाही. जोशी, डिस्क मॅनेजर, बायोसचं निम्मे-दुप्पट, एसएसडी, सगळ्यांची करामत एकच: मधे बसायचं आणि मागणाऱ्याला वाटेल तो पत्ता मानून घ्यायचा. छापखान्याच्या मालकांना किंवा सीए साहेबांना तळाशी कोण बसलंय याच्याशी देणंघेणं नव्हतं. ठेवलं ते परत मिळालं की झालं. तळाचा सोस आमच्यासारख्यांना.

विंडोज एनटी आणि लिनक्सने सुरू होईपर्यंतच बायोसची मदत घेतली, नंतर ड्राइव्हशी परस्पर बोलणं. मग बायोसच्या जागी यूईएफआय आलं. जुन्या बायोसची सोय २०२०पर्यंत काढून टाकू, असं इंटेलने २०१७मध्येच जाहीर केलं होतं. आजच्या नव्या लॅपटॉपवर इंट १३ म्हणालात तर ऐकायला बहुधा कुणी नाही.

तरी हौस असेल तर क्यूएमू, म्हणजे मशीनमध्ये दुसऱ्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम, उतरवून घ्या आणि त्यात फ्रीडॉस हा डॉसचा फुकट अवतार टाका, डीबग त्यात अजून मिळतो. आतलं बायोस म्हणजे सीबायोस, आणि हार्डडिस्क म्हणजे तुमच्या मशिनवरची एक साधी फाइल. ए १०० म्हणून वरचा प्रोग्रॅम चालवा, शेजारच्या खिडकीत तीच फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडा आणि पहिले ५१२ बाइट ताडून बघा, जुळतील. मग एएक्समध्ये ०२०१च्या जागी ०८०० घालून पुन्हा चालवा आणि सीएक्स, डीएक्सचे आकडे वाचा. त्या फाइलला किती सिलिंडर, किती हेड, दर ट्रॅकला किती सेक्टर, सगळं जराही न चाचरता सांगेल. डीएचमध्ये येतो तो शेवटच्या हेडचा क्रमांक, शून्यापासून मोजलेला, तेव्हा एक मिळवून घ्या. आणि डीएलमध्ये ८० घालायला विसरू नका, नाहीतर उत्तर फ्लॉपीचं मिळेल.